आईची वही
आई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. शेकडो नंबर तिला तोंडपाठ असायचे. सत्तरीनंतर मात्र ती गॅस चालू ठेवून विसरायला लागली, म्हणून मी तिला स्मरणशक्तीच्या व्यायामवर्गात घातलं. तिथल्या बाईंनी एक वही दिली. रोज घरी मी पाच शब्द वाचून दाखवायचे आणि अर्ध्या तासानं आठवतील तेवढे तिनं स्वतः लिहायचे.

पहिला आठवडा नीट गेला. मग ऑफिसातून दमून आल्यावर तिचं ते चाचपडणं मला सहन होईना. तिच्यासारखं वाकडंतिकडं अक्षर काढून मीच शब्द लिहून टाकायला लागले.

दोन महिन्यांनी वही चाळून बाई म्हणाल्या, "इथे त्या बिचकतात, पण घरी छान जमतंय. आता कोपऱ्यावरून दूध आणायला एकटं पाठवून बघा."

वहीतलं अक्षर माझं आहे, हे मी सांगितलं नाही. आणि पाठवलं.

आई दोन तासांनी सापडली, तीन गल्ल्या पलीकडे, एका बंद दुकानाच्या पायरीवर. चपला हातात होत्या.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सगळं सांगून टाकलं. त्या काही बोलायच्या आत शेजारी बसलेली आईच म्हणाली, "अगं, मला वाटायचं, वहीत आहे म्हणजे मीच लिहिलं असेल."

काल तिला पाचांपैकी दोन शब्द आठवले. ते लिहायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ शेजारी बसून मला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.