दुसऱ्याला थांबू देणारे

खांदा आखडल्यामुळे मी महिनाभर फिजिओथेरपीला जात होतो. तिथल्या मानसी मॅडम व्यायाम घेताना नेहमी एकच अल्बम लावायच्या. ऑस्ट्रियातल्या कुणा दोघांनी यंत्रांवर केलेलं, अगदी संथ संगीत. शेजारच्या खाटेवर देसाईकाका असत. चाळीस वर्षं तबला वाजवलेला माणूस, आणि पक्षाघातानं नेमका उजवा हात लुळा पडलेला.

"अहो, बंद करा हे," पहिल्याच दिवशी ते वैतागून म्हणाले. "समेचा पत्ता नाही कुठे."

मॅडमनी आवाज कमी केला, पण बंद केलं नाही.

आठवड्याभरानं काकांनीच विचारलं, "हे दोघं जण आहेत का हो?"

"हो. कसं ओळखलंत?"

"एक थांबला की दुसरा मध्ये घुसत नाही. त्याला थांबू देतो."

मी ओशाळलो. आजारी माणसाला आपण धीर देतो, सल्ले देतो, त्याची अडखळलेली वाक्यंही पुरी करतो. नुसतं थांबू मात्र देत नाही. 'होईल हो सगळं नीट,' असं मीही काकांना रोज ऐकवत होतो.

त्या दिवशी मी गप्प बसलो. काका डोळे मिटून डाव्या हातानं मांडीवर मात्रा मोजत होते. एका ठोक्याला त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी किंचित उचलली गेली आणि चादरीवर पडली. त्यांना ते कळलंही नसावं.

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी नजरेनंच मला 'बोलू नका' म्हटलं, आणि ती धून संपल्यावर तीच पुन्हा लावली.