इद्रिसच्या नावाची पिशी

दर गुरुवारी तिसऱ्या प्रहराची बांग झाली की शाझियेच्या चुलीवर तेल तापायचं. सकाळी भिजवलेलं पीठ तोवर टम्म फुगलेलं असे. ती त्याचे गोळे बोटांनी चापायची, मधोमध भोक पाडायची आणि पुरीसारखी ही पिशी अलगद तेलात सोडायची. गेलेल्यांचे जीव त्या दिवशी आपापल्या उंबऱ्याशी येतात आणि तेलाच्या वासानंच त्यांचं पोट भरतं, हे किनाऱ्यावरच्या त्या गावात पोरासोरांनाही ठाऊक. ज्या घरातून वास निघत नाही, तिथलं माणूस उपाशी परततं. मग गेलेल्याचं नाव घेऊन पिश्या शेजारी वाटायच्या; शेजाऱ्यांनी खाल्लं की त्याला पोचतं.

शाझिये तळायची ती बापाच्या नावानं. नवऱ्याच्या नावानं कधीच नाही. इद्रिस नऊ वर्षांपूर्वी मासळीला गेला; होडी सापडली, तो सापडला नाही. तेव्हापासून सासू, गुलिझार, एकच धरून बसलेली, "माझा लेक जिता आहे. जित्या माणसाच्या नावानं तळशील तर याद राख!"

शाझियेनं ऐकलं. चहाच्या मळ्यात पानं खुडून बोटं काळी केली, पोरीचं लग्न लावलं, आणि ऐकतच राहिली. पण हल्ली घास उतरेना. गावातले सगळे खाऊन जातात, आपलाच तेवढा दारात ताटकळत असला तर?

त्या गुरुवारी तिनं दुप्पट पीठ मळलं.

"एवढं?" सासू चुलीशी येऊन बसली. "बाप तुझा राक्षस होता काय?"

"आणखीही कोणी आहे, आई."

"कोण?"

शाझियेनं पिशी उलटली. "तुम्हाला ठाऊक आहे."

म्हातारी उठली. आता कढई उलथते की काय, म्हणून शाझियेनं झारा आडवा धरला. गुलिझार नुसती वाकून बघत राहिली.

"त्याला जाड चालत नाही," ती म्हणाली. "कडा कुरकुरीत लागतात. सरक, मेले. नऊ वर्षं भुकेला माझा पोर, नि त्याला हे कच्चं घालतेस?"

उरलेल्या साऱ्या पिश्या तिनंच चापल्या. ताटही तिनंच उचललं आणि शेजारच्या हमिदेचं दार ठोठावलं. शाझिये मागोमाग.

"कोणाच्या नावाचं, आपा?" हमिदेनं रिवाजाप्रमाणे विचारलं.

म्हातारीनं ताटातली वरची पिशी उगाच सरळ केली. नाव शाझियेच्या जिभेवर होतं, पण ते आईनंच घ्यायचं होतं. हमिदे तशीच हात पुढे करून उभी.

"इद्रिसच्या," गुलिझार शेवटी म्हणाली. "माझ्या इद्रिसच्या. गरम आहे तोवर खा गं. पोचू दे त्याला."