उत्तरासाठी थांबणं

आपल्याला माणसं सांभाळता येतात, असं मी बरीच वर्षं समजत होतो. कंपनीनेही तसंच समजून मला बढत्या दिल्या. इंदूरच्या एका हॉटेलात नेतृत्वाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. तिथे पनीर खाऊन आणि डोळ्यांना पट्ट्या बांधून खेळ खेळून आम्ही सगळे प्रमाणपत्रं घेऊन परतलो. माझं अजून कपाटात आहे. फाडून टाकावं असं कितीदा वाटलं, पण तेवढंही माझ्याच्याने झालेलं नाही.

खरं तर शिकायचं ते मी फार आधी देवासला पाहिलं होतं. वडील जळगावकडून कारखान्यातल्या नोकरीसाठी देवासला आले आणि शिक्षण संपल्यावर मीही तिथल्याच एका गिअरच्या कारखान्यात लागलो. आमचे मॅनेजर बदनावरचे, धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरातले. दिसायला साधे, बोलणं थेट मंडीतलं. रोज सकाळी ते शॉपवर, म्हणजे मशीनच्या विभागात, फेरी मारायचे आणि प्रत्येक मशीनपाशी एकच विचारायचे, "हां भिया, कां अटक रिया हे?" काहीतरी अडलेलं असणारच, हे त्यांनी धरलेलंच असायचं. विचारून झालं की तिथेच उभे राहायचे. समोरचा "कुछ नी साब" म्हणाला तरी हलायचे नाहीत. चष्मा पुसत, मशीनकडे बघत चांगला मिनिटभर थांबायचे. त्या मिनिटात माणूस अवघडून का होईना, बोलायचा.

एकदा मी भट्टीचं तापमान चुकीचं लावलं आणि अख्खा लॉट भंगारात गेला. मालक सकाळीच स्वतः जाब विचारायला आले. मी मागे उभा होतो. साहेब म्हणाले, "मेरे देखने में चूक हुई।" माझं नावच निघालं नाही. मालक सगळ्यांदेखत त्यांना वाट्टेल ते बोलले आणि त्यांनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं. दुपारी मला बोलावून त्यांनी विचारलं, तापमान लावताना शंका आली होती का? आली होती. मग विचारलं का नाही? मी म्हटलं, तुम्ही घाईत दिसलात. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तो फिर सुबह मैंने झूठ नहीं बोला।" आणि मला कामावर परत पाठवलं.

ही गोष्ट मी पुढे कितीतरी वेळा सांगितली. नव्या मुलांना सांगितली, त्या प्रशिक्षणात सांगितली, टाळ्याही मिळाल्या. सांगता येते म्हणजे अंगी आली, असा माझा समज झाला होता.

मग मी धार जिल्ह्यात आलो, पीथमपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपचा प्रमुख म्हणून. मोठमोठ्या प्रेसखाली पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढायचे. घर धारला केलं. इथे मीही सकाळची फेरी सुरू केली. माझा प्रश्न होता, "सब ठीक?" उत्तर यायचं, "ठीक सर." तोवर मी पुढच्या मशीनपाशी पोचलेलो असायचो. फेरी संपली की व्हॉट्सअ‍ॅपवर वरच्यांना हिरवी खूण पाठवायची. माझ्या शॉपची खूण रोज हिरवी असायची आणि त्याचा मला गर्व होता.

सुरुवातीच्या महिन्यात एका जुन्या कारागिराने माल रवाना व्हायच्या दिवशी तेलगळतीसाठी मशीन थांबवलं होतं. मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, "आज ही याद आया?" आवाज चढवला नव्हता. उलट हसत म्हटलं होतं, आणि आजूबाजूचे चारजणही हसले होते. त्यानंतर माझ्या शॉपवर मशीन कुणी थांबवलं नाही. सगळे सुधारले, असं मी समजलो. गाढव होतो.

त्याच शॉपवर धारचा एक मराठी माणूस होता. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, दोन मुलींचा बाप. गणेशोत्सवात आमच्या मराठी मंडळाच्या पंगतीत वाढायला सगळ्यांत पुढे. मंडळात मला दादा म्हणायचा. त्याला नोकरी मीच लावून दिली होती. कारखान्यात मात्र तो मुद्दाम 'सर' म्हणायचा आणि हिंदीत बोलायचा, उगाच कुणी वशिल्याचं बोलू नये म्हणून. मला त्याचं कौतुक वाटे. आपला माणूस शॉपवर आहे, काही बिनसलं तर हाच पहिला कानावर घालेल, असं मी धरून चाललो होतो.

महिनाअखेर होती. सकाळी नवाच्या सुमारास मी त्याच्या प्रेसपाशी आलो. "सब ठीक?" त्याने मान वर केली. तोंड किंचित उघडलं. एरवी तो पटकन 'ठीक' म्हणायचा, त्या दिवशी म्हणाला नाही. हे मला दिसलं. दिसलं नाही असं मी म्हणू शकत नाही. पण माझी पावलं पुढे पडली होती, खिशातला फोन वाजत होता, आणि मी गेलो.

साडेअकराला आरडाओरडा ऐकू आला. साच्यात अडकलेला तुकडा काढायला त्याने हात घातला होता. पाय पेडलवर नव्हता, तरी प्रेस आपोआप दुसऱ्यांदा खाली आली. उजव्या हाताची चार बोटं गेली. त्याला गाडीत घालताना तो रडत नव्हता, नुसता माझ्याकडे बघत होता.

शेजारच्या मशीनवरच्याने मला संध्याकाळी सांगितलं, "सर, तीन दिन से डबल मार री थी। फिटर बोला, आधा दिन बंद रखनी पड़ेगी, सर से पूछ। ये बोला, नी भिया, महीने का आखिर है, अपने सर को नीचा देखना पड़ेगा। छुट्टी के दिन करवा लेंगे।"

अपने सर. मी ज्या नात्यावर निर्धास्त होतो, त्याच नात्यापायी तो गप्प राहिला होता. परका असता तर कदाचित शिवी घालून मशीन बंद करून मोकळा झाला असता. मी केबिनचं दार लावून घेतलं आणि सकाळी पाठवलेली हिरवी खूण उघडून बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी अपघाताचा कागद भरायचा होता. प्लांटचे प्रमुख म्हणाले, मशीनचा दोष लिहिला तर चौकशी होईल, तीन दिवस कुणाला कळलं कसं नाही हे विचारतील, आणि ते तुम्हालाच विचारतील. मला देवास आठवलं. खोटं कशाला सांगू, अगदी स्पष्ट आठवलं. घरचं कर्ज, मुलाचं कॉलेज, तेही आठवलं. मी लिहिलं की ऑपरेटरने सूचना न पाळता चालू मशीनमध्ये हात घातला. खाली त्याची सही हवी होती. प्रमुख म्हणाले, "आपका ही आदमी है, आप ही ले आइए।"

धारच्या दवाखान्यात तो भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत. त्याच्या बायकोने माझ्यासाठी खुर्ची पुसली आणि म्हणाली, "दादा, तुम्ही कंपनीत आहात म्हणून धीर आहे." मी तिच्याकडे बघितलं नाही. थर्मासमधला चहा तिने कपात ओतून माझ्या हातात दिला आणि मी तो प्यायलोसुद्धा.

मी कागद काढला. वाचून दाखवू का, असं विचारलं. तो म्हणाला, "तुम्ही वाचलंय ना दादा? मग झालं." बायकोने खाली वही धरली. पेन त्याने डाव्या हातात घेतलं, दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा धरलं. आपलं नाव लिहायला त्याला खूप वेळ लागला. कपाळावर घाम आला होता. मग कागद जरा लांब धरून त्याने बघितला आणि ओशाळून हसला.

"वाकडी आली दादा. चालेल ना?"

मी म्हटलं, "चालेल."