सोहेल परकारचं जपानी गाऱ्हाणं

“ज्याच्यावर गाणं म्हटलं त्यालाच ते आवडलं, तर गाऱ्हाणं घातलं असं बोलायचं का नाय?”

सोहेल परकार यांनी हा प्रश्न मला दोह्यातल्या अल अझीझियात, माझी मावसबहीण सुचित्रा हिच्या घरी विचारला. कोकणी मुसलमान बायकांच्या लग्नगीतांवर मी बरीच वर्षं काम करते आहे आणि गाण्यातल्या गाऱ्हाण्याविषयी माझी काही ठाम मतं छापूनही आली आहेत. तरीही उत्तराआधी मी त्यांना सगळी हकीकत विचारली. त्यांच्या सुरात कुतूहल नव्हतं, वैताग होता. पुढचं सगळं त्यांनी त्याच वैतागात सांगितलं. जिथे ते थांबले, तिथे सुचित्राने भर घातली, कारण त्या हकीकतीतला अर्धा संवाद तिच्याच तोंडून झाला होता.

सोहेल दापोली तालुक्यातल्या एका बंदरगावचे. १९९७ साली ते एका जपानी कंत्राटदार कंपनीत इलेक्ट्रिशियन म्हणून कतारला, रास लफानच्या वायुप्रकल्पावर आले. गावी पत्नी सुमैया आणि तान्ही मुलगी माहिरा. कतारमध्ये बायकामुलांना आणायचं तर नुसता पगार पुरत नसे, हुद्दाही तसा लागे. इलेक्ट्रिशियनला कुटुंबाचा व्हिसा मिळत नव्हता, सुपरवायझरला मिळत होता. सुपरवायझरचं काम सोहेल दुसऱ्या वर्षापासून करतच होते. कागदोपत्री तसं म्हणवून घ्यायला मात्र विभागप्रमुख हिरानो यांची शिफारस हवी होती.

हिरानोंनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते कॅम्पच्या करमणुकीच्या हॉलमध्ये. तिथल्या कॅराओके यंत्राचा माइक खरखरत होता. सोहेलनी तार बदलली, यंत्र सुरू केलं, पडद्यावर बर्फ पडायला लागला, अक्षरं एकेक करून रंग बदलू लागली आणि नमुन्याचा आवाज गाऊ लागला. माइक तपासायचा म्हणून ते त्या आवाजामागून गायले. अक्षर कळत नव्हतं, शब्द कळत नव्हता. पण त्यांच्या आईचा, जैतूनबींचा, कान त्यांच्यात उतरला होता. पंचक्रोशीतलं लग्न जैतूनबींच्या गाण्याशिवाय उभं राहत नसे. गाणं संपलं तेव्हा दारात हिरानो उभे होते आणि त्यांचे डोळे पाणावले होते.

“तिथंच चुकलं,” सोहेल म्हणाले. “माइकात ‘हॅलो, हॅलो’ बोललो असतो तर माजं आयुष्य सुधारलं असतं.”

त्या दिवसापासून दर गुरुवारी संध्याकाळी कंपनीची बस शुक्रवारच्या सुट्टीसाठी दोह्याला निघे ती सोहेलना सोडून. गाववाल्यांना भेटणं, बाजारहाट, फोनबूथवरून सुमैयाशी बोलणं, सगळं त्या बसवर अवलंबून होतं. ते मात्र हिरानोंच्या सांगण्यावरून हॉलमध्ये उभे राहून, एकामागून एक, दगाफटक्याची जपानी गाणी गात असत. सगळ्या गाण्यांत एकच बाई होती, असं त्यांचं ठाम मत होतं. कधी ती गुत्त्यात बसलेली असे, कधी बंदरावर, कधी आगगाडीच्या फलाटावर. तिला कुणीतरी वचन दिलेलं असे आणि तो येणार नाही हे तिच्याखेरीज सर्वांना ठाऊक असे.

“आणि ते गायचं पुरुषानं! बाईचं रडणं, तेही टाय लावून!”

त्यांना हा अर्थ सुचित्राने सांगितला होता. ती पुण्यात जपानी शिकली आणि त्याच प्रकल्पाच्या कार्यालयात दुभाषी होती. सोहेलना या गाण्यांचं कौतुक कधीच वाटलं नाही. त्यांनी ती गायली ती शिफारशीसाठी. गाणं संपलं की हिरानो पाठीवर थाप मारत आणि हुद्द्याचा विषय निघाला की म्हणत, “नेक्स्ट मंथ, परकार-सान. शुअर.”

खोलीतला सोबती मुनाफ हसून हसून बेजार होई. “तुजा नेक्स्ट मंथ म्हणजे जपानी इन्शाल्ला हाय रे. आपल्या इन्शाल्लात निदान अल्लाची जबाबदारी असते, ह्यात कुणाचीच नाय.”

सुमैयाला हसू येत नव्हतं. एका सुट्टीत सोहेल गावी गेले असताना पडवीत काम करता करता नकळत त्यांच्या तोंडून त्यातलंच एक गाणं निघालं.

“कोण ती?” सुमैयाने विचारलं.

“कोण म्हणजे? गाणं हाय.”

“गाणं मना पण कळतं. असं गाणं माणूस उगाच शिकत नाय.”

“साहेबासाठी शिकलो, माहिराच्या आईची शपथ.”

“माहिराची आई मीच हाय. माजी शपथ मनाच काय घालता? तुमच्या साहेबाला सांगा, सुमैया बोलते, आणायचं तर आण, नायतर नाय बोल. पोरगी बापाला फोटोवरून वळखते.”

यातलं ‘नाय बोल’ पुढे महत्त्वाचं ठरलं.

इथे जैतूनबींच्या गाण्यांविषयी थोडं सांगायला हवं. लग्नात वधूकडच्या बायका व्याह्यासमोर बसून गाण्यातून त्याची उणीदुणी काढतात. कबूल केलेलं दिलं नाही, वरात वेळेवर आणली नाही, असं सगळं त्यात येतं. कडव्याच्या शेवटी गाणारी हात पसरून थांबते आणि ढोलकीही थांबते. मग ज्याच्यावर गाणं आहे त्याने उठून बोललंच पाहिजे. तो देतो म्हणेल, देत नाही म्हणेल, भांडेलसुद्धा. पण गप्प बसण्याची सोय त्या गाण्यात नाही. सोहेल लहानपणापासून हेच पाहत आले. गाण्यातून विचारलं की माणूस उत्तर देतो, ही त्यांच्या लेखी समजूत नव्हती, रीत होती. जपानी दुःखगीताची घडण नेमकी उलट आहे. त्यात फसवणारा कधी बोलतच नाही. तो गप्प आहे म्हणूनच गाणं उभं राहतं. हे मी आज लिहू शकते. सोहेलना त्या वेळी ते सांगायला कुणी नव्हतं.

२००१ च्या मार्चमध्ये हिरानोंची योकोहामाला बदली झाल्याचं जाहीर झालं. शिफारस झालेली नव्हती. निरोपाच्या गुरुवारी गाण्यासाठी सोहेलना आधीच बोलावणं आलं. त्यांनी सुचित्राला गाठलं.

“ताई, सगळ्यांत कडक गाणं कुठलं? तोंडावर बोलणारं.”

सुचित्राने एक निवडून दिलं. त्यातली बाई म्हणते: पुढच्या बोटीने येईन म्हणालास, मी दिवा लावून बसले, बोट तुझी नव्हती, वचन तुझं नव्हतं, दिवा तेवढा माझा होता.

“अहो सोहेल, पण ते गाण्यासारखंच ऐकतील,” ती म्हणाली.

“ऐकू देत. उत्तर तर द्यावंच लागेल.”

त्या गुरुवारी हॉलमध्ये सुचित्राही होती. सोहेल पडद्याकडे पाठ करून, थेट हिरानोंच्या खुर्चीसमोर उभे राहून गायले. शेवटच्या ओळीला त्यांनी आईसारखा हात पसरला आणि थांबले. वाद्यमेळ मात्र थांबला नाही. यंत्राला ती रीत ठाऊक नव्हती. हिरानो रडत होते. ते उठले, सोहेलना मिठी मारली. पडद्यावर यंत्राने गाण्याला दिलेले चौऱ्याण्णव गुण झळकले आणि टाळ्या पडल्या.

“काय बोलला?” सोहेलनी सुचित्राला विचारलं.

“म्हणतात, त्यांच्या बायकोच्या माहेरी असंच बंदर आहे.”

“बंदराचं मरू दे! ताई, त्याला सांग, ती बाई मी हाय.”

सुचित्रा घुटमळली, पण जसं सांगितलं तसं तिने जपानीत सांगितलं. हिरानोंचा चेहरा उजळला. त्यांनी जोरजोरात मान डोलावली.

“म्हणतात, अगदी खरं आहे. तुम्ही गाता तेव्हा ती बाईच होऊन जाता.”

चार वर्षं धरून ठेवलेला सोहेलचा संयम तिथे सुटला. माइक हातात तसाच चालू होता. “नो साँग, सर! खलास साँग! माय डेझिग्नेशन. माय वाइफ. एव्हरी मंथ नेक्स्ट मंथ. यस ऑर नो?”

हिरानोंनी खाली पाहिलं. मग ते जपानीत, हळू आवाजात बोलले आणि सुचित्राने ते एकेक वाक्य करून मराठीत आणलं. त्यांनी शिफारस केली होती, अगदी दुसऱ्याच वर्षी. मुख्यालयाने ती फेटाळली. कंत्राटी कामगारांचे हुद्दे बदलायचे नाहीत असं धोरण होतं. हे सोहेलना तोंडावर सांगणं त्यांना जमलं नाही. नंतर दर महिन्याला ते अधिकच अवघड होत गेलं.

“म्हणजे ‘नाय’च होतं?” सोहेल म्हणाले. “मग ‘नाय’ बोलायला काय झालं होतं? आमच्यात ‘नाय’ला पण उत्तर म्हणतात! तेवढं बोलला असता तर तीन वर्षांपूर्वी दुसरी वाट बघितली असती. मी इथं दुसऱ्याच्या बायकांचं रडणं गात बसलो आणि माजी तिकडे दिवा लावून.”

सुचित्राने हे भाषांतर केलं का, असं मी तिला विचारलं. केलं, ती म्हणाली, शेवटचं वाक्यसुद्धा. हिरानो खूप खाली वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. सोहेलच्या मते ते उत्तर नव्हतं. सुचित्राच्या मते होतं. यावरून दोघांचा माझ्यासमोर पुन्हा वाद झाला आणि चहा निवला.

त्या शुक्रवारी सोहेल दोह्याला गेले आणि बूथवरून त्यांनी सुमैयाला सांगितलं, “नाय बोलला.” “बरं झालं,” ती म्हणाली. “आता तुमी काय बोलता?” पुढच्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. कंपनी दुसरीकडे नोकरीसाठी ना-हरकत पत्र देईना, म्हणून मायदेशी परतून, कतारला पुन्हा येण्यावरच्या दोन वर्षांच्या बंदीचा काळ त्यांनी गावात वायरिंगची कामं करत काढला. मग दुसऱ्या कंपनीच्या व्हिसावर ते पुन्हा कतारला आले. या वेळी सही करण्याआधी त्यांनी करारातला हुद्द्याचा अरबी रकाना दुसऱ्याकडून वाचून घेतला.

एप्रिल २००५ मध्ये माहिरा परकारचं नाव दोह्यातल्या एका भारतीय शाळेच्या चौथीच्या पटावर लागलं.