रामदास मिस्तरीची चूक नव्हती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता ऐंशी जवळ आली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं — तितकं सोपं जात नाहीये.

मी धुळ्याला एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होतो. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. डॉक्टरांच्या भावानं परदेशातून येताना आणलेली ऑटोमॅटिक गाडी त्यांना दिली. क्लच नाही, गियर बदलणं नाही. अशी दुसरी गाडी मी तरी धुळे-जळगावात पाहिली नव्हती. त्याआधी बारा वर्षं मी ट्रक चालवलेला. आम्हा ट्रकवाल्यांची एक रीत होती — उतार लागला की न्यूट्रल करायचं, किल्ली फिरवून इंजिन बंद करायचं आणि गाडी तिच्या वजनावर सोडून द्यायची. तेवढंच डिझेल वाचतं. ज्याची गाडी कमी पिते तो ड्रायव्हर शहाणा, असं आम्ही मानायचो.

गाडीचं काम रामदास मिस्तरीकडे असायचं. पारोळा रोडवर त्याचं छोटं गॅरेज. गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक त्यानं एका मास्तरांकडून वाचून घेतलं होतं, आणि पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं.

"भाऊ, हाई न्यूट्रल ढकलाले शे, उतराले नही. इंजिन बंद करं की गियरबॉक्समा तेल फिरस नही. बठ्ठं जळी जाई."

मी म्हणालो, "मिस्तरी, तू पाना धर. स्टिअरिंग मन्हाकडे ऱ्हाऊ दे."

दर गुरुवारी डॉक्टर सोनगीरच्या पलीकडे एका गावी पेशंट बघायला जात. परतताना सोनगीरजवळ उतार लागला की मी इंजिन बंद करायचो. आवाज नाही, थरथर नाही. डॉक्टर मागून म्हणाले, "काय शांत चालवतोस रे." मला फार बरं वाटलं. पुढचे कित्येक गुरुवार मी ते वाक्य पुन्हा ऐकायला इंजिन बंद करत होतो. पेट्रोलचं निमित्त.

उन्हाळ्यात एक दिवस गाडी रस्त्यातच थांबली. इंजिन चालू, पण चाक हलेना. ट्रॅक्टरला बांधून रामदासकडे आणली. त्यानं खाली शिरून तेल काढलं, बोटावर घेऊन वास घेतला. काळं, जळकं. पंधराच दिवसांपूर्वी त्यानं ते नवं भरलं होतं. त्याला सगळं कळलं. डॉक्टर समोर उभे, विचारत होते — कशानं झालं? रामदास माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "भाऊ, तोंड तुले बी शे."

मी गप्प राहिलो. इतकी वर्षं मी स्वतःला असंच सांगत आलो — की मी फक्त गप्प राहिलो. पण मी गप्प नव्हतो. मी म्हणालो, "साहेब, यानं तेल बदललं तेव्हापासूनच गाडी गुरगुरत होती."

गाडी कधीच गुरगुरली नव्हती.

"येत नव्हतं तर हात कशाला लावलास?" डॉक्टर म्हणाले. चार गिऱ्हाइकं उभी होती. रामदास पाना पुसत राहिला. का बोलला नाही? माझी नोकरी जाईल म्हणून? की डॉक्टरांपुढे मिस्तरीचं कोण ऐकणार म्हणून? मी कधी विचारलं नाही.

गावात डॉक्टरांच्या शब्दाला वजन. वर्षभरात लोक त्याच्याकडे स्कूटरसुद्धा नेईनात. पंचेचाळिशीत गॅरेज बंद करून तो भुसावळला गेला, दुसऱ्याच्या हाताखाली.

गाडी नाशिकहून दुरुस्त होऊन आली. मी पुन्हा उतारावर इंजिन बंद केलं नाही. एका गुरुवारी डॉक्टर म्हणाले, "पूर्वी कशी शांत उतरायची. त्या मिस्तरीनं वाटच लावली." मी म्हणालो, "हो साहेब." दुसरं काय म्हणणार होतो? पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर एक चूक होती. वर्षानं सांगायचं तर वर्षभराचं खोटंही सांगावं लागणार. नोकरी सोडावी, तर ते विचारणार — का? अशी सात वर्षं. मी पुढे, ते मागे, काचा बंद. मग ते वारले. शेवटच्या आजारात मी त्यांना तीनदा नाशिकला नेलं. तेव्हाही मी काही सांगितलं नाही.

इथवरचं तुम्ही कदाचित ओळखलंही असेल. मला सांगायचं आहे ते पुढचं.

पुढच्याच वर्षी जामनेरला एका लग्नात रामदास भेटला. वाळला होता. मला बघून त्यानं सतरंजीवर शेजारी जागा केली. राग नव्हता. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "डॉक्टरसले खरं समजनं का रे, भाऊ?"

मी हो म्हणालो.

म्हणालो, मी सांगितलं त्यांना, जायच्या आधी. म्हणालो, त्यांनी निरोप दिलाय — रामदासला सांग, माझं चुकलं.

हे माझ्या तोंडून कसं आलं? मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी फरक काय पडतो? रामदासनं माझा हात धरला. बराच वेळ सोडला नाही. मग बायकांच्या बाजूला बसलेल्या आपल्या बायकोला हाक मारली. "आयकं का वं, डॉक्टरसनी कबूल करं. मन्ही चूक नव्हती." तिला खरं वाटेना. म्हणून त्यानं मला तिच्यासमोर पुन्हा सांगायला लावलं.

मी पुन्हा सांगितलं. ती पदर तोंडाशी धरून ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "आनखी काय बोलनात ते?"

मी तेही सांगितलं.