अविरोध गावातले उमेदवार

एकट्या माणसाला प्रजासत्ताक चालवता येत नाही, असं तुमचे कॉलेजातले प्राध्यापक म्हणत असतील. पण तुमच्या आजोबांच्या मावसभावाने ते आमच्या गावात तीसेक वर्षं चालवलं, आणि तेही घरची धानशेती सांभाळून. मी त्यांना भाऊजी म्हणत असे. इंग्रज गेले तेव्हा ते नागपुरात मॅट्रिकला होते. बाकीच्या मुलांनी पेढे खाल्ले आणि ती घरी गेली. भाऊजींची मात्र अशी समजूत झाली की आता हा देश आपल्यालाच सांभाळायचा आहे, आणि ती जबाबदारी त्यांच्याकडून परत घ्यायला पुढे कधी कुणी आलं नाही.

त्यांच्यासमोर सरकारला नावं ठेवायची सोय नव्हती. वरठीच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहताना एकजण सहज म्हणाला, "सरकार काही करून नाही राहिलं." भाऊजी लगेच त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. "सरकार कोन हाय रे? अन् तू कोन्या देशाचा पाहुना होय?" गाडी येईपर्यंत त्या बिचाऱ्याची सुटका नव्हती. गावातला हातपंप बंद पडला की 'आपला पंप' म्हणत ते पाना घेऊन निघायचे, आणि त्यांचा हात लागल्यावर तो पंप दुरुस्त व्हायला आणखी महिना लागायचा. तालुक्याच्या कचेरीत कुणी 'बसा' म्हणण्याआधी ते खुर्चीवर बसत, पण अर्ध्याच. एका नव्या तहसीलदाराने रोखून पाहिलं, तर म्हणाले, "साहेब, हे खुर्ची ना तुमच्या बापाची, ना माह्या. आपल्या दोघाईची हाय. म्हनून मी माह्या अर्ध्यावर बसलो." तहसीलदार भला माणूस होता. त्याने चहा मागवला. भाऊजींनी तोही अर्धाच प्यायला.

राज्यघटनेची एक इंग्रजी प्रत त्यांनी खाकी कागदाचं कव्हर घालून जपली होती. अडलं की माझ्याकडे येत, कारण आमच्या दोन्ही घरांत इंग्रजी नीट येणारी मी एकटीच. "वहिनी, हे 'प्रोव्हायडेड दॅट' म्हनजे काय?" मी म्हणायची, "म्हणजे 'पण', भाऊजी." "अस्सं! आंधी सारं देते, अन् मंग 'पन' म्हनते. आपल्या मामीसारखंच हाय हे." रोवणीच्या दिवसांत ते बांधावर उभे राहून हे पुस्तक रोवणाऱ्या बायकांना मराठीत सांगत. एकीने कंबर सरळ करत विचारलं, "भाऊ, याच्यात बाईले दुपारी पाठ टेकाले मिळते म्हनून लिहून हाय काय?" भाऊजी दोन दिवस पुस्तकात डोकं घालून बसले. माणसाला माणुसकीने कामाला लावावं, अशा अर्थाचं एक कलम सापडलं, आणि त्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, दुपारची तासभर सुट्टी सुरू झाली. शेजारच्या बांधीवाल्यांनी त्यांना दिलेल्या शिव्या मात्र कुठल्याच कलमात बसणाऱ्या नव्हत्या. घरात तर रोजच्या भाजीवरही ते मतं घेत. एकदा त्यांची बायको, म्हणजे माझ्या जाऊबाई, कडाडल्या, "मत द्याले सात जन, अन् चिराले मी एकटी? मंग मतपेटीतच फोडनी टाका!" तेव्हापासून तो विषय सभेपुढे आला नाही.

पण गावाला ते खरे खुपत ते पंचायतीच्या निवडणुकीत. आमचं गाव अविरोध म्हणून नावाजलेलं. निवडणूक आली की चार मोठी माणसं तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर, बसत, नावं ठरवत, तेवढेच अर्ज भरले जात, मग गावजेवण. भांडण नाही, तंटा नाही. तालुक्याची माणसं आमचं उदाहरण देत. आमच्या वॉर्डातून मात्र भाऊजी दर वेळी जास्तीचा अर्ज टाकत आणि सगळ्यांना मतदान करायला लावत. जिंकण्याचा प्रश्नच नव्हता. एकदा त्यांना अकरा मतं पडली. आभार मानायला घरोघर गेले तर 'मी तुमालेच देलं' म्हणणारे चाळीस निघाले. भाऊजी खूश! "पाहा वहिनी, मत गुप्त असते ते असं!"

मी एकदा त्यांना स्पष्टच विचारलं होतं, "पडायचंच आहे तर उभे राहता कशाला?" ते म्हणाले, "मी निवडून याले थोडीच उभा राहतो? गावाले इचारलं पायजे म्हनून राहतो." मला ते तेव्हा पटलं नव्हतं. पुढच्या मतदानाला शाळेत मी रांगेत होते. माझ्यापुढे एक म्हातारी होती, तिला सगळा गाव 'गोपाची माय' म्हणायचा. मोठ्या निवडणुकांचं मतदान नाल्यापलीकडच्या गावी असे आणि तिकडे पुरुषच जात; पंचायतीच्या आधीच्या मतदानांनाही घरच्यांनी तिला कधी नेलं नव्हतं, त्यामुळे हे तिचं पहिलंच मतदान. अधिकाऱ्याने नाव विचारलं. ती म्हणाली, "गोपाची माय." "तुमचं स्वतःचं नाव, बाई." तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, मग हळूच म्हणाली, "जनाई." बाहेर आल्यावर तिने माझा हात धरला. "बाई, मले माहं नाव इचारलं वो! मीच इसरून गेली होती." त्या दिवशी मला भाऊजी कळले. म्हणून पुढे मी जे केलं त्याला मला न कळल्याची सबब नाही.

आणीबाणी उठल्यानंतर पंचायतीची निवडणूक आली. त्या वेळी पाळीवर नाव ठरलं ते तुमच्या आजोबांचं. उमेदवाराच्या अर्जावर त्याच वॉर्डातल्या एका मतदाराची सूचक म्हणून सही लागते. आपल्याच घरातल्या कुणाची सही भाऊजींना चालत नसे; ती दर वेळी तलावात मासे धरणारा त्यांचा बालमित्र करायचा. त्याला यंदा कुणीतरी म्हणालं, "तलावात जाळं टाकाचं हाय ना तुले?" त्याने सही द्यायचं टाळलं. अर्ज भरण्याच्या आदल्या संध्याकाळी भाऊजी माझ्याकडे आले. "वहिनी, माहं भांडन भाऊसंगं नाही. तुमाले समजावून सांगाची गरज नाही." मी म्हटलं, "सकाळी या. करते सही."

तुमच्या आजोबांनी मला अडवलं नाही. ते एवढंच म्हणाले, "तू शिकलेली आहेस. तुला योग्य वाटेल ते कर." रागावले असते तर बरं झालं असतं. बायकोने नवऱ्याच्या विरुद्ध सही दिली, हे नदीवर, विहिरीवर, लग्नाच्या पंगतीत कसं बोललं जाईल, ते मला ऐकू येऊ लागलं. सकाळी भाऊजी घरापुढच्या छपरीत येऊन बसले आणि मी देवघरात जाऊन बसले. माझी पूजा पंधरा मिनिटांची, घड्याळ लावून. त्या दिवशी ती दोन तास चालली. देवांना मी तीनदा आंघोळ घातली. कामवाल्या बाईने बाहेर जाऊन सांगितलं, "बाई पूजेत हायेत." "होऊ द्या, होऊ द्या," असं भाऊजी म्हणाल्याचं मला आत ऐकू आलं. दहाच्या सुमारास ते उठून गेले.

गाव पुन्हा अविरोध झालं. गोपाच्या मायने मतदानाला नेसायचं लुगडं धुवून वाळत घातलं होतं; मतदान नाही हे तिला मीच सांगितलं.

अर्ज का भरला नाही, असं लोकांनी भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, "रस्त्यात सायकल पंक्चर झाली. अर्जाची येळ तीनची, ते टळून गेली." जन्मात खोटं न बोललेला माणूस, त्यामुळे सगळ्यांचा विश्वास बसला. "भाऊ, इंग्रजाचं राज बुडालं, पन तुमचं टायरानं बुडवलं!" लोक येता-जाता त्यांना चिडवत आणि तेही हसत. मला मात्र वर्षभराने कचेरीतल्या कारकुनाने सहज बोलता बोलता सांगितलं, की ते बारा वाजताच पोचले होते. सहीची जागा कोरी असलेला अर्ज मांडीवर ठेवून, आपल्या वॉर्डातलं कुणी दिसतंय का बघत, तीन वाजेपर्यंत बसून होते. माझ्याजवळ त्यांनी तो विषय कधी काढला नाही. इंग्रजी अडलं की पूर्वीसारखेच येत. मला बोलता आलं असतं. दर वेळी मी चहा ठेवायला उठले.

पुढच्या निवडणुकीपर्यंत ते राहिले नाहीत. शाळेत शोकसभा झाली, तिथे कुणीतरी पंक्चरची गोष्ट सांगितली. सगळे प्रेमाने हसले. तुमचे आजोबा हसले, आणि मीही हसले.

तुम्ही कधी गावी आलात तर ती गोष्ट तुम्हालाही कुणी सांगेल. हसा अवश्य, त्यांना आवडेल. फक्त हसून झाल्यावर सांगणाऱ्याला एवढं सांगा, की सायकल धड होती.