बैलांचा मामा

आमच्या गावचा गहिनीनाथ, म्हणजे गहिनीतात्या, कुणाचं वाटोळं होईल असं खोटं जन्मात कधी बोलला नाही. पण खरंही फारसं बोलला नाही. दोन पिशव्या घेऊन सोनईच्या बाजाराला निघालेल्या तात्याला कुणी विचारलं, "कुठं निघाला?" तर तो म्हणणार, "कुठं न्हाई, जरा पाय मोकळं करतो." लग्नाचं आवतन आलं आणि जायचा कंटाळा असला की त्याच्या भावकीत हमखास कुणीतरी मरायचं. भावकीलाही हे पाठ झालं होतं. एक चुलता तर भेटला की आधी विचारायचा, "औंदा मला किती डाव मारला रं?" आणि तात्या जराही न लाजता सांगायचा, "दोनदाच. पर दोन्ही डाव तिथ चांगली बघितली."

ह्या खोट्यातनं त्यानं काही कमावलं नाही. त्याला फक्त पुढचे प्रश्न नको असायचे. खरं सांगितलं की माणूस खोदून खोदून विचारतो, खोटं सांगितलं की गप जातो, एवढं त्याला कळलं होतं.

बायको गेल्यावर तात्याची दुपार नातवंडांची झाली. पोरगा आदिनाथ कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरवर. सून अश्विनी सोनईला इंग्लिश मीडियमच्या शाळेत मॅडम. त्याच शाळेत ओम पहिलीत, मोनिका बालवर्गात. शाळेची गाडी दोघांना सोडून जायची ते थेट तात्याच्या मांडीवर. संध्याकाळी सून येईपर्यंत ओट्यावर ह्या तिघांचं राज्य चालायचं.

अश्विनी बीएड झालेली आणि मोबाईलवर पोरं वाढवायचे व्हिडिओ बघणारी. तिचा एकच नियम होता, मुलांशी खोटं बोलायचं नाही, त्यांचा विश्वास तुटतो. आणि तात्या तर असा की घरातला कोंबडा पावण्यांच्या ताटात गेल्यावर मोनीनं विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं, "ट्रेनिंगला गेलाय." मोनीनं ते शाळेत सांगितलं. शिक्षकांच्या खोलीत अश्विनीचं हसं झालं. घरी येऊन ती चप्पल न काढताच म्हणाली, "तात्या, आणखी एकदा मुलांशी खोटं बोललात, तर मी दोघांना शाळेतनं परस्पर पाळणाघरात ठेवीन. नवीन निघालंय. तिथं फोनिक्स पण शिकवतात."

फोनिक्स म्हणजे काय ते तात्याला कळलं नाही. आपली दुपार जाणार एवढं कळलं. रिकाम्या ओट्यावर माश्या हाकत बसलेला स्वतःचा देह त्याच्या डोळ्यापुढं आला आणि त्यानं मान डोलावली. "न्हाई बोलनार."

हे म्हणायला आणि बैल विकायला एकच गाठ पडली. ट्रॅक्टर आल्यापासनं हरण्या आणि चांद्या नुसते उभे राहून खात होते, आणि आदिनाथला गोठ्याच्या जागी चारचाकी लावायची होती. तात्यानं घोडेगावच्या बाजारात जोडी देऊन टाकली. अश्विनी म्हणाली, "मुलांना नीट समजावून सांगा. खरं सांगा." तात्या दुसऱ्या दिवशी म्हणाला, "सांगितलं."

सांगितलं होतं हे खरं. काय, तर बैल मामाच्या गावाला गेलेत. पोरं स्वतःच सुट्टीत मामाच्या गावाला जात होती, त्यांना त्यात वावगं काही वाटलं नाही. मोनीनं एवढंच विचारलं, "रेल्वेनं?"

"टेम्पोनं," तात्या म्हणाला. तेवढं खरं होतं.

अशी दोन खोटी एका छपराखाली राहू लागली, एक नातवंडांना सांगितलेलं, एक सुनेला. दोघांची गाठ पडली नाही तोवर सगळं बरं चाललं होतं.

डिसेंबरात राहुरीकडच्या रस्त्याला बोर्ड लागले. 'ख्रिसमस व्हिलेज. सहकुटुंब या.' बोर्डावर श्रीमंतशेठचा हात जोडलेला फोटो. ह्या शेठनं कॅनॉलच्या कडेला कृषी पर्यटन काढलं होतं. उन्हाळ्यात तिथं पाऊस पाडायचा, नवरात्रात गरबा. आता नाताळ. गावात जन्मलेली, गावात राहणारी, गावाला कंटाळलेली माणसं तिकीट काढून व्हिलेज बघायला निघाली.

अश्विनीनं पोरांना तयार करायला सुरुवात केली. सांता उत्तर ध्रुवावरून येतो, हरणांच्या गाडीतून. कोण शहाणं, कोण वाह्यात, त्याला सगळं माहीत असतं.

तात्या पलीकडं सुपारी कातरत होता. "समदं ठावं आसतं?"

"सगळं."

"तलाठ्यागत?"

"तात्या, मस्करी नको."

"मस्करी न्हाई. ह्ये खरं हाय का, एवढंच इचारतो."

"हे मुलांचं भावविश्व असतं, तात्या. त्यासाठी सांगावं लागतं."

"आस्सं," तात्या म्हणाला. म्हणजे बीएड केलं की त्याला भावविश्व म्हणतात, हे त्यानं मनात नोंदवून ठेवलं.

आदिनाथला सुट्टी नव्हती म्हणून पोरं धरायला तात्याला नेलं. भर दुपारी पोचले. फाटकातच कापूस लावलेली बाभळ. पुढं बर्फाचा माणूस, थर्माकोलचा, त्याला टोपी कमी पडली म्हणून कुणाची तरी गांधी टोपी घातलेली. मशीनमधनं फेस उडत होता, तो बायकांच्या डोक्यात बसत होता आणि बायका कुडकुडल्यासारखं करून फोटो काढत होत्या. ऊन असं की सांताच्या घरात, म्हणजे लाल रंगवलेल्या कांदाचाळीत, आत गेलेला माणूस डोळे पुसत बाहेर येत होता. आई-बाप म्हणत होते, "किती छान वाटलं ना, बाळा." बाळ म्हणत होतं, "कांद्याचा वास येतो."

मग सगळ्यात महागडी गंमत आली, सांताची गाडी. गाडी म्हणजे आपली बैलगाडी, चाकं लाल कापडानं झाकलेली. पुढं दोन हरणं, त्यांच्या शिंगांवर प्लायवूडच्या फांद्या बांधलेल्या, नाकापाशी लाल रबरी चेंडू.

तात्यानं त्यांना मागूनच ओळखलं. ज्यानं सारी उमर ज्यांच्या शेपट्या बघत काढली, त्याला तोंड बघावं लागत नाही. हरण्या आणि चांद्या.

कुणाला वाटेल तात्याचा जीव कळवळला. तसलं काही नाही. त्याच्या डोळ्यापुढं आलं ते पाळणाघर. पोरांनी बैल ओळखले तर मामाचं गाव निघणार, आणि मामाचं गाव निघालं की सुनेला सांगितलेलं 'सांगितलं' निघणार. त्यानं कानटोपी भुवयांपर्यंत ओढली.

"ह्याच्यात नगा बसू रं, ती चावत्यात."

"हरणं चावत न्हाईत, मॅडमनी सांगितलंय," ओम म्हणाला.

"तिकीट काढलंय, बसा," अश्विनी म्हणाली. "तात्या, तुम्ही पण बसा, मोनी पडेल."

बसले. गाडी हाकायला सांता म्हणून उभा होता तो आमच्याच गावठाणातला वैजनाथ, एरवी टेम्पोवर असतो. लाल मखमल, कापसाची दाढी, आणि दाढीतनं घामाच्या धारा. त्यानं तात्याला बघून डोळा मारला. शेठचा त्याला हुकूम होता, चार पावलं गेलं की 'हो हो हो' करायचं, आणि पोरगं काहीही बोललं तरी नाही म्हणायचं नाही.

आता 'हो हो हो' हे सांताच्या देशात हसणं असेल. आमच्याकडं ते बैलाला थांब म्हणणं आहे. आणि ही जोडी तात्याच्या हाताखाली शिकलेली. गाडी निघाली, सांता म्हणाला, "हो हो हो," बैल जागच्या जागी उभे. पोरं एकमेकांवर आदळली. वैजनाथनं दामटलं, गाडी हलली. शेठनं लांबून हाताची खूण केली, हास. "हो हो हो." बैल उभे.

मागं रांग तुंबली. शेठ पळत आला. "वैज्या, गाडी का थांबती?"

"तुमीच थांबवाया लावताय, शेठ. ह्ये म्हनलं की बैल थांबनारच."

"बैल म्हनू नको, हळू बोल. रेनडियर हायेत ती."

"रेनडियर म्हना न्हाईतर कलेक्टर म्हना. तो काय हाय त्ये त्याला ठावं हाय."

"मग दुसरं कायतरी हास की."

"सांता दुसरं हासत न्हाई. व्हिडिओ तुमीच दावला."

तोवर ओमचं लक्ष बैलाच्या कपाळावरच्या पांढऱ्या चांदावर गेलं होतं. "तात्या, ह्यो चांद्या हाय."

"न्हाई रं, हरीन हाय."

"हरनाला येसन आसती?"

"परदेशी हरनाला आसती."

"आन ह्यो हरण्या हाय."

"म्या बी हरीनच म्हनतोय की."

ओमनं हाक मारली, "हरण्याऽ." बैलाचा कान हलला. मोनीनं बैलाकडं बघितलं, मग सांताकडं बघितलं. सुटलेलं पोट, पाठीला पिशवी, पिशवीत खाऊ. असा माणूस एकच असतो हे तिला माहीत होतं.

"तुमी चांद्याचे मामा का?"

वैजनाथला नाही म्हणायची सोय नव्हती. "हो हो हो."

"मग आता सुट्टी सपली. त्यांला आमच्यासंगं लावून द्या."

"कोण मामा? कुणाची सुट्टी?" खाली उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्या अश्विनीनं विचारलं.

"बैल मामाच्या गावाला गेल्ते ना, मम्मी," ओमनं तिला समजावलं. "तात्यानं सांगितलंय. ह्येच मामाचं गाव."

अश्विनीनं मोबाईल खाली घेतला. "तात्या, तुम्ही मला म्हणाला होता, सांगितलं."

"सांगितलंच हुतं की. काय सांगितलं त्ये तू इचारलं न्हाईस."

"ठीक आहे. उद्यापासून मुलं पाळणाघरात."

मागच्या बायांचे मोबाईल मात्र वरच होते. पोरं म्हणत होती, बैल घरी न्यायचे. गाडी हलत नव्हती, त्यामुळं तात्याला उतरून पळायचीही सोय नव्हती. तिसरं खोटं घालायला आता दोघांच्या मधे जागा उरली नव्हती. त्यानं कानटोपी काढली.

"ओम, बैल मामाकडं न्हवते गेले. म्या इकले त्यांला. घोडेगावच्या बाजारात."

अश्विनी ओमकडं बघू लागली. विश्वास तुटतो तेव्हा पोराचा चेहरा कसा होतो ते तिनं व्हिडिओत बघितलं होतं. ओमनं थोडा विचार केला.

"कितीला?"

तात्यानं आकडा सांगितला. तोही वाढवूनच. ओमला सौदा पटला. "आन मोनीला कितीला इकशील?"

"तिला कोन घेतंय. वरनं आपल्यालाच द्यावं लागंल."

ह्यावर मोनीनं जे भोकाड पसरलं, ते मात्र खरं होतं. तिला गप करायला वैजनाथ वाकला. दाढी घामानं आधीच सुटत आली होती, ती एका कानाला लोंबू लागली.

"ह्यो तर वैजूकाका," ओम म्हणाला. "आपला कांदा नेतो." मग तो आईकडं वळला. "मम्मी, सांता उत्तर ध्रुवावरनं येतो म्हनलीस ना? ह्यो आपल्या गावातला हाय. तू खोटं बोललीस?"

रांगेतली सगळी पोरं आपापल्या आयांकडं बघू लागली. एकेक मोबाईल खाली आला. श्रीमंतशेठ फेसाच्या मशीनमागं गेला. भावविश्व हा शब्द पहिलीतल्या पोराला कसा सांगायचा, ते बीएडला नव्हतं.

तात्यानं नुसतं गप बसायचं म्हटलं असतं तरी फिटंफाट झाली असती. त्यानं सुनेवर उपकार करायचं ठरवलं असंही नाही. मोकळा पडलेला प्रश्न बघितला की त्याच्यानं राहवत नसे, एवढंच.

"मम्मी खोटं न्हाई बोलली," तो म्हणाला. "सांता खरा हाय. ह्यो वैज्या खोटा हाय."

"मग खरा कुठंय?"

"आजारी पडलाय. येवढ्या गारठ्यातनं एकदम राहुरीच्या उनात आला, भवळ आली त्याला. चाळीच्या मागल्या खोलीत निजलाय. वैज्या त्याच्या बदली हाय. तुमच्या शाळंत येक मॅडम रजंवर आसल्या की दुसऱ्या येत न्हाईत का?"

"येत्यात," ओम म्हणाला. रांगेतल्या चार-पाच पोरांनीही माना हलवल्या. त्यांच्या आयांनी तात्याकडं असं बघितलं, की तसं त्याच्याकडं त्याच्या लग्नातही कुणी बघितलं नसेल.

"वैज्या, तू आता थोबाड उघडू नको," तात्या म्हणाला आणि त्यानं जिभेनं टकटक केलं. बैल निघाले. सांता तोंड मिटून, एका हातानं दाढी धरून बसला, आणि दिवसातली पहिली फेरी पुरी झाली. तात्या खाली उतरताना बैलांनी त्याच्याकडं वळून वगैरे पाहिलं नाही. त्यांना समोर वैरण दिसत होती.

दुसऱ्या दिवशी शाळेची गाडी पोरांना सोडायला आली तेव्हा तो ओट्यावर नुसता बसून होता, उतरतात की पुढं जातात ते बघत. दोघं उतरली.

जेवताना ओमनं आईला विचारलं, "मम्मी, खरा सांता बरा झाला का?"

अश्विनीनं कोशिंबीर ढवळली, पुन्हा ढवळली. "तात्यांना विचार," ती म्हणाली. पाळणाघराचं तिनं पुन्हा काढलं नाही.

तेव्हापासनं ओट्यावर सांताचं दुखणं चालू आहे. भवळ गेली तर खोकला झाला, खोकला गेला तर गावकऱ्यांनी जेवायचा आग्रह करून पोट बिघडवलं. परवा रविवारी तात्यानं त्याला परत धाडायचं काढलं. रस्त्याला लागेपर्यंत मोटारसायकल, पुढं एसटी.

"उत्तर ध्रुवाला एसटी जात नाही, तात्या," आतनं अश्विनीचा आवाज आला.

तात्यानं मान वळवून आत बघितलं. "मग काय जातं? आधी सांगत जा की. मागनं घोळ नको."

"बोट जाते. आणि शेवटी कुत्र्यांची गाडी."

"कुत्र्यांची?" तात्या जरा थबकला. मग पोरांकडं वळून म्हणाला, "ह्ये मातूर पटंल आसं वाटत न्हाई. आपुन एसटीच ठिवू."